होकार, नग एक

घराचा होकार मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळाला. ही वेळ वजनमापे निरीक्षकाने आपल्या खिशातल्या वहीत स्वतःच्या हाताने टिपून घेतली. ज्या वस्तूचे वजन करता येत नाही, तिची निदान वेळ तरी लिहून ठेवावी, असा त्याच्या खात्याचा जुना दंडक होता.

होकार देणारे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. त्यांचे घर बैठे. फाटकापासून दारापर्यंत सात फरश्या, मागे एक थोराड झाड, झाडाखाली बाक. निरीक्षकाने खोल्या धड पाहिल्यासुद्धा नव्हत्या. त्याने फक्त पायऱ्या मोजल्या होत्या, आणि त्या भरल्या शून्य.

"तुमची किंमत मला मान्य आहे," दंतवैद्य मान हलवून म्हणाले आणि जन्माच्या सवयीने निरीक्षकाच्या खालच्या दाढांकडे पाहत राहिले.

"अभिनंदन!" दलालाने दोघांचे हात एकमेकांत अडकवले. "काम झालं."

"म्हणजे घर आमचं झालं?"

"झालंच समजा."

"समजा म्हणजे?"

"म्हणजे व्हायचंय. पण झालंच."

शून्य पायऱ्यांचे महत्त्व कळायला निरीक्षकाच्या राहत्या घराच्या पायऱ्या ठाऊक हव्यात. त्या बहात्तर होत्या. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि त्या बहात्तर पायऱ्यांच्या टोकाला त्याचे सासरे गेली सव्वादोन वर्षे अडकून पडले होते. सासरे पोस्टमन होते. लोकांचे जिने चढून चढून त्यांचे गुडघे झिजले. स्वतःच्या जिन्यापुरते म्हणून काही शिल्लक राहिले नाहीत. आता त्यांचे जग म्हणजे खिडकीएवढे आभाळ आणि त्यात अधूनमधून चुकल्या पत्त्यावर आल्यासारखा एखादा ढग. तरी रोज सकाळी ते दाढी करीत, बुटांना पॉलिश करीत, बूट चढवून दाराजवळच्या खुर्चीत बसत. बुटांचे तळवे नव्यासारखे कोरे होते. त्या कोऱ्या तळव्यांकडे पाहिले की निरीक्षकाला आपण कुठेतरी मापात मारले आहे असे वाटे.

"मिळालं का हो, जावईबापू?" सासऱ्यांनी दारातच विचारले.

"होकार मिळाला, बाबा."

"होकार मिळाला ते ऐकलं. घर मिळालं का?"

"आता फक्त कागदपत्रं व्हायची."

"मी छत्तीस वर्षं पत्रं वाटली," सासरे बुटाची नाडी घट्ट करीत म्हणाले. "'सविस्तर मागाहून कळवतो' असं लिहिलेली पत्रं सगळ्यात हलकी असायची. थैलीत आहेत हेसुद्धा कळायचं नाही."

निरीक्षकाची बायको घरी शिवणकाम करायची. तिने त्याच दुपारी दंतवैद्यांच्या खिडक्यांची मापे मागवली आणि पडद्यांचे कापड कापायला घेतले. "अहो, हो म्हटलंय ना त्यांनी? मग? कापड कापल्याशिवाय घर अंगाला लागत नाही," असा तिचा सिद्धान्त होता.

आता दंतवैद्यांचे घर घ्यायचे म्हणजे स्वतःचे विकायला हवे. तेही जमले. चौकातल्या बेकरीची मालकीण स्वतःच घर बघायला आली. ती भट्टीमागच्या स्वतःच्या मालकीच्या खोलीत राहत असे. "माझ्या खोलीत रात्री उशीसुद्धा फुगते, साहेब," ती म्हणाली. "मला वारा पाहिजे. बहात्तर काय, दीडशे पायऱ्या चढीन." खिडकी उघडून ती वाऱ्यात अशी उभी राहिली, जणू कुणी तिचे पोस्टात हरवलेले पार्सल परत आणून दिले आहे. किंमत तिने न कुरकुरता मान्य केली. निरीक्षकाने होकार दिला. बुधवार, सायंकाळी पाच वाजून पाच मिनिटे.

"नक्की ना, साहेब? नाहीतर मी खोलीत मैद्याची पोती रचायला घ्यायची आणि तुम्ही आयत्या वेळी…"

निरीक्षक छाती काढून उभा राहिला; ती मुळात फारशी नव्हती. "ताई, तेवीस वर्षं मी दुकानदारांचे तराजूवरचे अंगठे पकडतोय. माझा शब्द म्हणजे पितळी वजन. शिक्का मारलेलं."

तेव्हापासून बेकरीवाली दर रविवारी येऊ लागली. ताजा पाव आणायची, खिडकीची लांबी-रुंदी वितीने मोजायची, आणि जाताना सासऱ्यांजवळ टेकायची. "बाबा, तुम्ही एकदा भट्टीवर या. पाव बाहेर येतानाचा वास कसा असतो ते दाखवते."

"पोरी, मला खाली कोण नेणार?"

"मी नेईन की. शब्द दिला."

हा दुसरा शब्द निरीक्षकाने वहीत नोंदवला नाही. व्यवहाराशी त्याचा काही संबंध दिसत नव्हता.

पंधरा दिवस गेले. कागदपत्रे होत होती. म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी टेबलावर, ती होण्याच्या विचारात होती. आणि एके सकाळी दलालाने सहज, दातातला कण काढावा तसे सांगितले, "डॉक्टरांचं घर बघायला काल आणखी एक जण येऊन गेले."

"आणखी एक? अहो, पण डॉक्टरांनी होकार आम्हाला दिलाय!"

"दिलाय की! तो कोण काढून घेतंय? तुमचा होकार कायम तुमच्याजवळच राहणार," दलाल दिलासा देत म्हणाला. "झालंच तर फक्त घर दुसऱ्याकडे जाईल."

निरीक्षकाच्या पायांखालच्या त्या सात फरश्या एकेक करून सरकल्या. त्याने अर्ज खरडला आणि थेट होकार नोंदणी कक्ष गाठला.

कक्ष प्रशस्त होता. भिंतीवर 'शब्द पाळा' असा फलक होता आणि खाली बारीक अक्षरात 'या मजकुराची जबाबदारी कक्षावर नाही' अशी तळटीप. खिडकी क्रमांक तीनमागे एक कर्मचारी बाई बसल्या होत्या. त्यांनी निरीक्षकाला एक नमुना दिला. त्यात होकाराचा प्रकार लिहायचा होता: तोंडी, मानेने दिलेला, हात हलवून दिलेला, 'बघू' या स्वरूपाचा किंवा मौनाचा. मौनाचे होकार फक्त दुपारच्या सत्रात स्वीकारले जात.

"मानेने आणि तोंडानेही," निरीक्षक म्हणाला.

"मान उभी हलली की आडवी?"

"उभी. स्पष्ट उभी."

"किती वेळा?"

"एकदा."

बाईंनी नापसंतीने ओठ मुडपले. "एकदा हलली तर ती पेंगही असू शकते. असो, घेते." त्यांनी चार ठिकाणी शिक्के उमटवले आणि प्रमाणपत्र सरकवले. जाड कागद, सोनेरी किनार. निरीक्षकाचे डोळे भरून आले. मग त्याने मजकूर वाचला: 'सदर प्रमाणपत्र हा होकार दिला गेल्याचा पुरावा आहे, होकार टिकून असल्याचा नव्हे.'

"बाई, मला टिकून असल्याचं पाहिजे."

"ते खिडकी सातवर. विक्री पूर्ण झाल्याचा दस्त दाखवला की लगेच मिळतं."

"पण विक्री पूर्ण झाल्यावर त्याचा उपयोग काय?"

"म्हणून तर तिथे गर्दी नसते."

"आणि विक्री पूर्ण होईपर्यंत आमच्यासारख्यांना संरक्षण काय?"

बाईंनी प्रथमच मान वर केली. त्यांच्या नजरेत कारुण्य होते, आणि ते नमुन्याबाहेरचे होते. "आशा," त्या म्हणाल्या.

"ती कुठल्या खिडकीवर मिळते?"

"ती तुम्ही घरूनच आणलेली असते. मी बघतेय ना, पिशवीत पडद्याच्या कापडाचा तुकडा आहे."

निरीक्षक बाहेरच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. जगातला प्रत्येक पाव किलो, प्रत्येक गज, प्रत्येक लिटर शिक्क्याने बांधलेला. आणि माणसाचा 'हो' तेवढा असा मोकाट, उघड्या दारातल्या वाऱ्यासारखा, कुणाच्याही पदरात शिरणारा. हे त्याला सोसवेना. तो उठला तेव्हा त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. एरवी ती कुणाच्याही डोक्यात आली नसती. त्यासाठी तेवीस वर्षे वजनमापे खात्यात काढावी लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दंतवैद्य डुलकी घेत असताना, निरीक्षकाने त्यांच्या फाटकाच्या लोखंडी गजाला तार बांधली, तारेवर शिशाची गोळी ओवली आणि खात्याच्या पक्कडीने ती दाबून सील केली. गोळीवर खात्याचे चिन्ह उमटले, वर्ष उमटले. खाली त्याने पट्टी लटकवली: 'तपासले. प्रमाणित. छेडछाड करू नये.'

परिणाम तत्काळ झाला. घर बघायला येणारा तो आणखी एक जण फाटकापाशी आला, पट्टी वाचली आणि 'सरकारी भानगड दिसते' असे पुटपुटून आल्या पावली गेला, तो पुन्हा दिसला नाही. दंतवैद्यांनाही ते सील आवडले. शेजाऱ्यांपैकी कुणाच्याच फाटकाला तसले काही नव्हते.

इथेच थांबता आले असते. पण निरीक्षक प्रामाणिक माणूस होता, आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला प्रामाणिक माणसाइतका तत्पर दुसरा कुणी नसतो. सिलाच्या प्रत्येक गोळीला क्रमांक असतो. वापरलेल्या गोळीची नोंद रजिस्टरात झाली नाही, तर महिनाअखेरीस एक गोळी कमी भरते. म्हणून त्याने नोंद केली. 'प्रमाणित केलेली वस्तू' या रकान्यात त्याने लिहिले: 'घर. नग एक.' पुढचा रकाना होता 'प्रकार: वजन, माप, तराजू.' निरीक्षक क्षणभर अडखळला. घर काही वजन नव्हे. तराजू तर नव्हेच. पण त्यात माणसे मावतात. दूध मावते ते जसे माप, तसेच हे. त्याने 'माप' या शब्दावर खूण केली आणि धारकतेपुढे लिहिले: 'माणसे चार.'

चौथ्या दिवशी खात्याचे पत्र आले. प्रमाणित मापास लागू असलेले सर्व नियम सदर घरास लागू झाले होते. माप सपाट पृष्ठभागावर ठेवावे. मापात ठरलेल्या धारकतेहून अधिक काही भरू नये. माप वर्षातून एकदा पूर्ण रिकामे करून तपासणीस सादर करावे. आणि शेवटचा नियम: नियंत्रकांच्या लेखी परवानगीवाचून माप विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाही.

"म्हणजे आता डॉक्टर हे घर दुसऱ्या कुणाला विकूच शकत नाहीत!" निरीक्षक घरी येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आणि आपल्याला?" बायकोने मशीन थांबवून विचारले.

निरीक्षकाचा चेहरा हळूहळू मावळला. "त्यालाही परवानगी लागेल."

"मग सुखाने चाललेलं घोडं तुम्हीच पेंड खायला बांधून आलात म्हणायचं."

परवानगीचा अर्ज गेला. आणि एका शुक्रवारी, नियमानुसार, खुद्द नियंत्रक साहेब मापाच्या पाहणीसाठी आले. उंच, संथ, आवाज कमावलेला. त्यांनी सात फरश्यांवरून चालून पाहिले. खिडक्या उघडल्या, मिटल्या. मग मागे जाऊन ते झाडाखालच्या बाकावर बसले. पानांतून उन्हाचे कवडसे त्यांच्या टकलावर पडत होते. निरीक्षक फाइल धरून शेजारी उभा होता आणि एखाद्या भल्या माणसाला शांतता लाभताना पाहण्यात जो आनंद असतो तो अनुभवत होता.

"माप उत्तम आहे," अखेर साहेब म्हणाले.

"हो ना, साहेब! म्हणूनच मी अर्ज—"

"डॉक्टर," साहेब मागे वळले, "हे तुम्हाला काय देतायत?"

दंतवैद्यांनी आकडा सांगितला. साहेबांनी त्याहून मोठा सांगितला.

"मान्य आहे," दंतवैद्य म्हणाले. मान हलली. उभी. एकदा.

निरीक्षकाच्या हातातली फाइल खाली पडली. "डॉक्टर! तुम्ही आम्हाला हो म्हणाला होतात!"

"मग? आजही म्हणतो. मी कुठे नाही म्हटलं?" दंतवैद्य मनापासून दुखावले गेले. "मी चाळीस वर्षं लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगत आलो. एकानेही कधी मला दस्त मागितला नाही. तुम्हीच पहिले."

साहेबांनी निरीक्षकाच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सील मारलं नसतं तर हे घर माझ्या दृष्टीसच पडलं नसतं. गोपनीय अहवालात मी चांगलं लिहीन."

त्या रात्री निरीक्षक जेवला नाही, आणि सकाळी दलाल त्याच्या दारात हजर झाला. दलालाला बहात्तर पायऱ्यांनी दम लागला होता. पण उमेद शाबूत होती. "असं खचू नका, साहेब. तुमच्या साहेबांच्या आकड्यावर तुम्ही थोडा चढवा, डॉक्टर परत तुमचे."

"आणू कुठून? हे घर विकूनही तेवढे होत नाहीत."

"बेकरीवालीच्या किमतीत होत नाहीत. पण ह्याच घराला जास्त देणारा एक जण आहे माझ्याकडे."

"कोण?"

"डॉक्टर."

"कोण डॉक्टर?"

"आपलेच. दातांचे. घर विकल्यावर त्यांना राहायला जागा नको का? त्यांना चौथा मजलाच हवाय, तोही बिनलिफ्टचा. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जिने चढा. बघा, किती सरळ आहे! तुम्ही त्यांचं घर घ्यायचं, त्यांनी तुमचं. दोघांचे होकार एकमेकांत अडकले की कुणाची बिशाद आहे मागे फिरण्याची?"

निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर पारडी हलू लागली. एकीकडे सासऱ्यांचे कोरे तळवे, झाडाखालचा बाक. दुसरीकडे वितीने मोजलेली खिडकी आणि रविवारचा पाव. काटा मधोमध थरथरत होता. तेवीस वर्षे त्याने पाहिले होते, दुकानदाराचा अंगठा पारड्यावर कधी आपटत नाही. तो आपसूक, प्रेमाने, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता टेकतो.

"म्हातारा माणूस आहे घरात," तो म्हणाला. "आपल्यासाठी थोडंच करतोय?"

"तेच तर!" दलाल म्हणाला.

"हो म्हणून सांगा."

शिलाई मशीन थांबले. "अहो, आणि ताईंना काय सांगणार?"

"त्यांचा होकार मी कुठे काढून घेतोय? तो त्यांच्याजवळच राहील. झालंच तर फक्त…"

वाक्य पुरे करायला त्याला दलालाची गरज नव्हती. पण पुरे झाले नाही. दाराजवळच्या खुर्चीत सासरे वाकले आणि त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली. मग डाव्या. सव्वादोन वर्षांत त्यांनी बूट सकाळी साडेनऊला कधी काढले नव्हते.

पुढला प्रकार थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण त्यात कुणीच कुठे गेले नाही. निरीक्षकाने आकडा चढवला. साहेबांनी त्यावर चढवला. दंतवैद्यांनी दोघांनाही प्रेमाने हो म्हटले, आणि घर साहेबांना देऊन राहायला निरीक्षकाकडे यायचे ठरवले, कारण निरीक्षकाचा होकार आता त्यांच्या खिशात होता. त्यांनीही कक्षातून आणलेल्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्रासह. निरीक्षकाने नकार दिला. तेव्हा दंतवैद्य डोळे विस्फारून म्हणाले, "कमाल झाली! माणसाच्या शब्दाला काही किंमत?"

साहेबांनी हस्तांतराची परवानगी स्वतःच स्वतःला दिली. पण प्रमाणित माप हलवायचे, तर ज्याने सील मारले त्या निरीक्षकाची सही लागते, असा नियम निघाला. निरीक्षक सही करीना. साहेब त्याची बदली करू शकत होते. पण बदली झाली तर सही करणारा जागेवर राहत नव्हता. मग साहेबांनी त्याची रजा अडवली, त्याने साहेबांची फाइल अडवली, आणि दंतवैद्य आपल्याच घरात, म्हणजे एका मापात, अडकून पडले. महिन्याभरात त्यांची बहीण मुलाबाळांसह राहायला आली तेव्हा धारकतेहून दोन माणसे अधिक भरल्याबद्दल त्यांना नोटीस गेली. वार्षिक तपासणीच्या दिवशी ते बिछान्यासह फुटपाथवर बसलेले लोकांनी पाहिले. आत दोन कर्मचारी माप पुरते रिकामे झाले आहे का, ते कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होते.

इकडे तयार पडदे पेटीत घड्या मोडत पडले होते. शेवटी निरीक्षक मुकाट्याने बेकरीत गेला. सगळी बातमी तिथे आधीच पोचली होती. दलाल पाव तिथूनच नेत असे. बेकरीवाली लांब दांड्याच्या लाकडी फळीने भट्टीतून पाव ओढत होती. तिने त्याचे बोलणे पाठमोरीच ऐकून घेतले.

"म्हणजे आता परत हो?" तिने विचारले.

"परत हो, ताई. त्याच किमतीला. या वेळी अगदी पक्का."

"साहेब, पाव दुसऱ्यांदा भाजला की पक्का होतो खरा," ती म्हणाली. "पण मग त्याला टोस्ट म्हणतात. दात लागत नाहीत त्याला." आणि तिने पुढचे पाव ओढले. निरीक्षक तसाच उभा होता. आपल्या उजव्या हाताचा अंगठा आपण मुठीत लपवला आहे, हे त्याच्या मागाहून लक्षात आले.

पुढच्या रविवारी दारावर थाप पडली. बेकरीवाली होती. मागे मैद्याने पांढरे झालेले दोन दणकट कारागीर, आणि त्यांच्या हातात बेकरीतली वेताची खुर्ची.

"ताई, या ना! विचार बदलला का?"

"तुमच्याकडे नाही आले, साहेब. बाबांकडे आले. शब्द दिला होता, भट्टी दाखवीन म्हणून. बाबा, बूट घाला."

सासऱ्यांनी बूट घातले. बेकरीवालीने नाडीची गाठ मारून दिली. खुर्ची उचलली गेली. तिसऱ्या मजल्यावर सासरे ओरडले, "इथे दर महिन्याला मनीऑर्डर असायची!" दुसऱ्यावर, "ह्या दाराला फक्त लग्नपत्रिका. एकदाही साधं पत्र नाही, बिचारी!" निरीक्षक आणि त्याची बायको कठड्याशी वाकून पाहत होती. बहात्तरावी पायरी संपली, आणि सासऱ्यांचे कोरे तळवे रस्त्याच्या धुळीला टेकले. त्यांनी एक पाय घासून पाहिला. मग दुसरा. खरेच धूळ होती.

दुपार झाली. सासरे वर आले नाहीत. चारच्या सुमारास बेकरीवाली मात्र आली. काखेत उशी, हातात कपड्यांची पिशवी. तिने एक घडी घातलेला कागद निरीक्षकाच्या हातात ठेवला. सासऱ्यांचे ठसठशीत पोस्टमनी अक्षर होते:

'खुशाल आहे. ताईची खोली गरम आहे, गुडघ्यांना फार बरे वाटते. पुढचे दार सरळ रस्त्यावर उघडते. मी इथेच राहतो. माझी खोली मी ताईला दिली आहे. तिला वारा द्यावा. माझे पांघरूण इकडे पाठवावे. पडदेही पाठवावेत, इथल्या खिडकीला बसतील असे वाटते. मागाहून काही कळवायचे उरलेले नाही.'

बायको कागद वाचून आधी हसली, मग पदराने डोळे पुसू लागली, मग पेटीतले पडदे काढायला धावली.

"पण… पण ह्याला आधार काय?" निरीक्षक दाराच्या चौकटीत आडवा उभा राहिला. "करार कुठाय? साक्षीदार कोण? उद्या बाबांनी शब्द फिरवला तर तुमची उशी सुरक्षित आहे का, ताई?"

"बाबांनी हो म्हटलं, मी हो म्हटलं," बेकरीवाली त्याच्या बाजूने आत सरकत म्हणाली. "मग त्यांनी त्यांचं पांघरूण तिकडे मागवलं आणि मी माझी उशी इकडे आणली. आता कोण कुणाला काय फिरवणार?" तिने खिडकी उघडली. वारा आत आला. त्याने परवानगी मागितली नव्हती.

निरीक्षकाने तो कागद खात्याच्या सर्वांत नाजूक तराजूवर ठेवून पाहिला, अशी वदंता आहे. काय भरले, ते त्याने वहीत लिहिलेले नाही.

तर चौथ्या मजल्यावरचे ते घर, एक खोली आणि एक खिडकी वजा जाता, अजून विकाऊ आहे. आपण जरूर बघायला यावे. होकार तिथल्या तिथे मिळेल. आपल्या आधी नऊ जणांना मिळालेला आहे आणि तो अद्याप त्यांच्याजवळच आहे. हवे तर आपल्याला सीलसुद्धा मारून देण्यात येईल. फक्त एक पथ्य पाळा. हे घर घ्यायचे म्हणजे आपले राहते घर आपण कुणाला तरी हो म्हणून ठेवले असणार, आणि आता त्याहून चढा आकडा सांगणारे गिऱ्हाईकही आपल्याला भेटले असणार. त्या पहिल्या माणसांना एवढ्यात काही कळवू नका. बिचाऱ्यांनी नुकतेच पडद्यांचे कापड कापले आहे.